सीमा बंद झाल्या, वाट चालूच राहिली

एप्रिल २०२० मध्ये कोरोनामुळे मी चौदा दिवस एका खोलीत बंद होते. ताप दोन दिवसांत उतरला, पण बाहेर पडायची मुभा नव्हती. दाराबाहेर ताट ठेवल्याचा आवाज यायचा. पावलं लांब गेली की मी दार उघडून ताट आत घ्यायचे. पाणी, औषधं, चार्जर, डॉक्टरांचा नंबर, सगळं हाताशी होतं. तरी रात्री छातीत धडधडायचं. आजारापेक्षा कुणी जवळ येत नाही याचीच भीती जास्त वाटायची.

त्याच दिवसांत फोनवर एक बातमी वाचली, आणि ती अजून डोक्यातून गेलेली नाही. १५ एप्रिलला बांगलादेशच्या तटरक्षक दलाने एक मासेमारी बोट किनाऱ्याला आणली. तिच्यात जवळपास ४०० रोहिंग्या होते. मलेशियाला जायला निघालेले. मलेशियाने उतरू दिलं नाही, बोट मागे फिरली, आणि जवळजवळ दोन महिने ही माणसं समुद्रातच राहिली. अन्नपाणी संपलं. कित्येक जण वाटेतच गेले, त्यांची प्रेतं समुद्रात सोडावी लागली. वाचलेल्यांचे फोटो आले होते. हातापायांच्या काड्या झालेल्या, वाळूवर बसलेली माणसं. काहींना बसताही येत नव्हतं.

मी खोलीत होते आणि ते बोटीत होते. दोघांनाही इतरांपासून लांब ठेवलं होतं, आणि दोन्हीकडे कारण एकच सांगितलं जात होतं. पण माझ्या दाराबाहेर ताट येत होतं.

त्यानंतर मी देश सोडून निघालेल्यांच्या या वाटांबद्दल जे मिळेल ते वाचत गेले. मी ना पत्रकार आहे ना कुठल्या संस्थेत काम करते. वाचून माझं मत मात्र पक्कं झालं आहे. साथीच्या काळात मदत वाटेवर पोहोचली पाहिजे, माणूस कुठल्याही कागदावर असो वा नसो. आधी कागद तपासू, मग पाणी देऊ, हा क्रम माणसं मारतो. २०२० मध्ये त्याने मारली.

सीमा बंद केली की वाट बंद होते, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. ११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ही महामारी असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्या काही दिवसांत निम्म्या जगाने दारं लावून घेतली. १७ मार्चला निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची संस्था आणि स्थलांतर संघटना या दोघींनी पुनर्वसनाचे प्रवास थांबवले. म्हणजे ज्यांची तपासणी झालेली, ज्यांना एखाद्या देशाने रीतसर घ्यायचं कबूल केलेलं, तीही माणसं छावणीतच अडकली. जूनमध्ये प्रवास पुन्हा सुरू झाले, पण त्या सबंध वर्षात संयुक्त राष्ट्रांमार्फत नव्या देशात पोहोचलेल्यांचा आकडा २३,००० च्या आतच राहिला. जवळपास दोन दशकांतला सर्वांत कमी. कायदेशीर दार बंद झालं. दलालाचं दार उघडंच होतं, फक्त त्याने भाव वाढवला आणि वाट लांबची धरली.

अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांचंच पाहा. २०१९ मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून तिथे सुमारे २,७०० माणसं पोहोचली होती. २०२० मध्ये २३,००० हून जास्त. भूमध्य समुद्रातल्या वाटांवर पहारा वाढलेला, आणि साथीमुळे मोरोक्को-सेनेगलकडच्या लोकांचा पर्यटनावरचा आणि रोजच्या छोट्या कामांवरचा रोजगार बुडालेला. मग लाकडी होड्या घेऊन माणसं उघड्या महासागरात शिरली. या वाटेवर वारा-प्रवाहाने होडी चुकली की पुढे जमीनच नाही. पोहोचले त्यांना नोव्हेंबरमध्ये ग्रान कनारिया बेटावरच्या आर्गिनेगिन बंदराच्या धक्क्यावर ठेवलं होतं. काहीशे लोकांपुरती केलेली सोय, आणि एका टप्प्याला तिथे २,६०० माणसं होती. सिमेंटवर पांघरूण टाकून झोपलेली. सुरक्षित अंतर ठेवा, हात धुवा, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं? रेड क्रॉसचे स्वयंसेवक तिथे उतरणाऱ्यांची तपासणी करत होते, पांघरुणं आणि कोरडे कपडे देत होते. धक्क्यावर माणसं का कोंबली, याचा जाब सरकारला विचारायला हवा. स्वयंसेवकांना मी फक्त हात जोडते.

हात धुण्यावरून ग्रीसमधली निर्वासितांची मोरिया छावणी आठवते. मार्च २०२० मध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने सांगितलं होतं की तिथल्या काही भागात १,३०० माणसांमागे एक नळ आहे आणि साबण नाही. सप्टेंबरमध्ये ती छावणी जळून गेली आणि सुमारे १२,००० माणसं रस्त्यावर आली.

समुद्रावरचा कायदा मला पूर्वी माहीत नव्हता. तो अगदी सरळ आहे. संकटात सापडलेल्याला वाचवणं हे जहाजाच्या कप्तानाचं कर्तव्य आहे आणि वाचवलेल्याला सुरक्षित ठिकाणी उतरवून देणं ही देशांची जबाबदारी. त्यात साथरोगाचा अपवाद कुठेही लिहिलेला नाही. तरीही एप्रिल २०२० मध्ये इटलीने आणि पाठोपाठ माल्टाने साथीचं कारण देऊन आपली बंदरं अशांसाठी बंद केली. माल्टाने तर सुमारे ४०० जणांना पर्यटकांना फिरवायच्या बोटी भाड्याने घेऊन त्यांवर, किनाऱ्यापासून लांब, काही आठवडे ठेवलं. ऑगस्टमध्ये ‘मेर्स्क एटियेन’ या डॅनिश तेलवाहू जहाजाने २७ जणांना वाचवलं. हे जहाज माल्टाच्याच विनंतीवरून मदतीला गेलं होतं, पण त्या माणसांना घ्यायला कुणी पुढे येईना. ३८ दिवस ती माणसं त्या जहाजाच्या डेकवर होती. आता विचार करा, पुढच्या वेळी बुडती होडी दिसली की एखादा कप्तान काय करेल? त्याला माहीत आहे की वाचवलं तर महिनाभर जहाज अडकेल, मालकाचं नुकसान होईल, खलाशांचं घरी जाणं लांबेल. वाचवणाऱ्याला शिक्षा झाली की पुढच्या बुडणाऱ्याचे प्राण जातात, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

याच्या उलट घडलेली एक गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे.

इंडोनेशियाच्या सुमात्रा बेटाचं उत्तर टोक म्हणजे आचे. जून २०२० मध्ये तिथल्या मच्छीमारांना समुद्रात मोडकळलेली बोट दिसली. शंभराच्या आसपास रोहिंग्या, त्यात बायका आणि मुलंच जास्त. अधिकाऱ्यांनी सुरुवातीला ठरवलं की अन्न, इंधन द्यायचं, बोट नीट करून पुन्हा समुद्रात पाठवायचं. कारण अर्थातच कोरोना. लान्चोक गावचे लोक किनाऱ्यावर जमले आणि ऐकेनात. शेवटी ते स्वतःच होड्या घेऊन गेले, दोर लावला, आणि बोट किनाऱ्याला ओढून आणली. घराघरांतून कपडे आणि जेवण आलं.

आचेच्या मच्छीमारांमध्ये समुद्राचा एक जुना रिवाज आहे. ‘पांग्लिमा लाऊत’ म्हणजे समुद्राचा प्रमुख, तो या रिवाजांची राखण करतो. समुद्रात अडचणीत असलेल्याला मदत करायचीच, हा त्यातला नियम. शिवाय २००४ च्या त्सुनामीत आचेने स्वतः सगळं गमावलं होतं आणि तेव्हा जगभरातून अनोळखी माणसं त्यांच्या मदतीला आली होती. त्या गावकऱ्यांना साथीची भीती नव्हती असं मी म्हणणार नाही, तीही आपल्यासारखीच माणसं. पण भीती आहे म्हणून माणूस समुद्रात सोडायचा, हे त्यांच्या हिशेबात बसलं नाही. आधी किनाऱ्यावर घ्या, मग तपासा. हा क्रम एका गावाने राज्यकर्त्यांना शिकवला. पुढे सप्टेंबरमध्ये त्याच भागात जवळपास ३०० जणांची आणखी एक बोट लागली.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. जूनच्या बोटीच्या प्रकरणात पुढे मानवी तस्करीचा खटला झाला आणि काहींना तुरुंगवासाची शिक्षा लागली. रोहिंग्यांच्या हतबलतेवर पैसे कमावणारी साखळी खरीच आहे, तिच्याबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. पण ती साखळी जगते कशावर? सरळ वाट नसण्यावर.

“मदत दिली की आणखी लोक येतात,” हे मी फार चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. त्यांना मी एकच महिना दाखवते. मे २०२० मध्ये मध्य भूमध्य समुद्रात स्वयंसेवी संस्थांचं एकही बचाव जहाज काम करत नव्हतं. काही जप्त होती, काही साथीमुळे बंदरात अडकली होती. तरी लिबियातून बोटी निघतच राहिल्या. कारण मागे लिबिया होता, तिथले कैदखाने होते, युद्ध होतं. पुढे कुणी वाचवेल का, हे पाहून माणूस लेकराला घेऊन रबराच्या होडीत बसत नाही. पनामा आणि कोलंबिया यांच्यामधलं दारिएनचं जंगल घ्या. शंभर किलोमीटरच्या आसपास रस्ताच नसलेली दलदल आणि डोंगर. मार्च २०२० मध्ये पनामाने सीमा बंद केल्या तेव्हा सुमारे २,५०० माणसं देशात मध्येच अडकली, पुढे कोस्टा रिकाचं दारही बंद. २०२१ मध्ये मात्र त्याच जंगलातून १,३३,००० हून जास्त माणसं चालत आली. आधीच्या दहा वर्षांत मिळून जेवढी आली होती त्याहून ही जास्त. त्यांतले बहुतेक हैतीचे, अनेक वर्षं चिली-ब्राझीलमध्ये कष्ट करून राहिलेले आणि साथीत काम गेल्यामुळे पुन्हा वाटेला लागलेले. जंगलाच्या तोंडाशी पाण्याची टाकी आणि दवाखाना आहे म्हणून ते आले, असं कुणी म्हणत असेल तर मला तो युक्तिवाद क्रूर वाटतो.

वाटेवरची मदत म्हणजे काय, हेही डोळ्यांसमोर आणायला हवं. रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंटची अशी ठिकाणं अनेक वाटांवर आहेत. कुठे तंबू, कुठे नुसती गाडी. तिथे पिण्याचं पाणी मिळतं, फोडांनी भरलेल्या पायांना मलमपट्टी होते, तापाची तपासणी होते, फोन चार्ज करता येतो, घरी एक फोन लावता येतो. फोन लावणं ही चैन नाही. मूल जिवंत आहे हे आईला कळणं औषधाइतकंच गरजेचं आहे. शिवाय त्यांच्या भाषेत खरी माहिती मिळते. पुढची सीमा उघडी आहे की नाही, चाचणी कुठे होते, ताप आला तर कुठे जायचं. साथीच्या दिवसांत दलाल खुशाल सांगायचे की पलीकडे सगळं सुरू आहे, आणि माणसं पैसे मोजून बंद फाटकापाशी येऊन थांबायची.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तिथे आलेल्याचं नाव पोलिसांकडे जात नाही. ही भिंत मजबूत हवी. दवाखान्यात गेलं की परत पाठवतील, अशी धास्ती असलेला माणूस खोकला लपवतो. ज्यांना केवळ स्वतःच्या आरोग्याची काळजी आहे त्यांनीही हे समजून घ्यावं, साथीत लपलेला रुग्ण कुणाच्याच फायद्याचा नसतो. पोर्तुगालला हे लवकर उमगलं. मार्च २०२० च्या अखेरीस त्या देशाने, ज्यांचे परवान्याचे अर्ज प्रलंबित होते अशा परदेशी लोकांना तात्पुरतं कायदेशीर मानलं, म्हणजे ते निर्धास्तपणे सरकारी दवाखान्यात जाऊ शकले. नवी इमारत लागली नाही, एक आदेश पुरला.

येमेनमध्ये बरोबर उलट झालं. इथिओपियातून सौदीकडे निघालेली गरीब पोरं आधीच युद्धात अडकलेली. त्यांच्यावर विषाणू पसरवल्याचा आळ घेतला गेला, आणि उत्तर येमेनमधून हजारोंना हाकलून देण्यात आलं. येमेनकडे जातानाची वाटही तशीच. मार्च २०२१ मध्ये जिबूतीजवळ दलालांनी बोटीत गर्दी झाली म्हणून सुमारे ८० जणांना समुद्रात ढकललं.

लसींचं सांगते आणि थांबते. ‘कोव्हॅक्स’ या जगभर लस वाटण्याच्या आंतरराष्ट्रीय योजनेने निर्वासित, स्थलांतरित अशा कुठल्याच सरकारी यादीत न बसणाऱ्यांसाठी ५ टक्क्यांपर्यंत डोस राखून ठेवायचे ठरवले होते. कल्पना चांगली होती. अडली कुठे, तर लसीचा काही दुष्परिणाम झाला तर भरपाईची जबाबदारी कुणाची, या प्रश्नावर. सरकारांनी आपापल्या नागरिकांसाठी ती घेतली होती. इथे डोस देणार स्वयंसेवी संस्था, त्यांना ती पेलणारी नव्हती, आणि बऱ्याच लसकंपन्या भरपाईतून सूट मिळण्याची अट सोडायला तयार नव्हत्या. लस होती, टोचणारे हात होते, आणि सही करायला कुणी नव्हतं.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महामारी करार मंजूर केला. पुढचे तपशील अजून ठरायचे आहेत. माझी मागणी एवढीच आहे की त्या तपशिलांत ही सही कोण करणार ते लिहा. वाचवलेल्यांना घेऊन आलेल्या जहाजाला कुठलं बंदर उघडं असेल ते लिहा. वाटेवर मदत करणारे स्वयंसेवक टाळेबंदीतही अत्यावश्यक सेवेत धरले जातील, हे लिहा. आणि हे आत्ताच लिहा, कारण पुढची साथ आली की पुन्हा पहिले काही आठवडे सगळे फक्त दारं लावण्यातच गुंतलेले असतील, आणि त्याच आठवड्यांत कुठेतरी एखादी बोट पाण्यात असेल.