अमेरिकी सिनेट मंत्र्यांची पात्रता तपासते, हा समज कितपत खरा?

आपल्याकडे नवे मंत्रिमंडळ शपथ घेते, त्यात एखादे वादग्रस्त नाव असते आणि लगेच एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : अमेरिकेत मंत्री होण्यासाठी संसदेसमोर परीक्षा द्यावी लागते, तिथे पक्ष पाहत नाहीत, पात्रता पाहतात, नापास झालेल्याला राष्ट्राध्यक्षसुद्धा मंत्री करू शकत नाहीत, हीच पद्धत भारतात आणली तर कलंकित मंत्री दिसणारच नाहीत. हेतू चांगला असला, तरी यातले जवळजवळ प्रत्येक विधान अर्धवट आहे आणि शेवटचे तर उलटे आहे.

आधी एक किरकोळ दुरुस्ती. राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेल्या मंत्र्याला मंजुरी ‘संसद’ म्हणजे अमेरिकी काँग्रेस देत नाही, तिच्या दोन सभागृहांपैकी फक्त सिनेट देते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार आज अमेरिकी काँग्रेसमध्ये आहेत. पण ते प्रतिनिधी सभेचे सदस्य असल्याने मंत्र्यांच्या मंजुरीत त्यांना मत नाही.

‘पक्ष पाहत नाहीत, पात्रता पाहतात’ या विधानाची शहानिशा करायला 1989 चे जॉन टॉवर प्रकरण पुरेसे आहे. टॉवर 24 वर्षे टेक्सासचे रिपब्लिकन सिनेटर होते आणि त्यातली शेवटची चार वर्षे संरक्षणविषयक समितीचे अध्यक्ष होते. त्यांच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून नामनिर्देशित केले, तेव्हा त्यांची सुनावणी त्याच समितीसमोर झाली. अनुभवाच्या निकषावर त्यांच्याशी बरोबरी करणारे फार थोडे असतील. त्यांच्यावर आक्षेप होते ते मद्यपानाचे, खासगी वर्तनाचे आणि सिनेट सोडल्यावर शस्त्रनिर्मिती कंपन्यांना दिलेल्या सल्ल्याचे. मद्यपानाविषयीची पहिली जाहीर साक्ष विरोधकांनी नव्हे, तर रूढिवादी गोटातल्याच एका कार्यकर्त्याने दिली होती. मंजुरी मिळाल्यास दारूच्या थेंबाला शिवणार नाही, असे वचन टॉवर यांना दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत द्यावे लागले. आक्षेप गंभीर नव्हते असे नाही. संरक्षणमंत्र्याच्या बाबतीत ते विचारायलाच हवेत. प्रश्न आहे तो मते कशी पडली याचा. समितीत 11 विरुद्ध 9 अशी विभागणी झाली आणि ती काटेकोरपणे पक्षनिहाय होती. पूर्ण सभागृहाने 9 मार्च रोजी 53 विरुद्ध 47 मतांनी नाव फेटाळले, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचे तिघे टॉवर यांच्या बाजूने गेले आणि रिपब्लिकन पक्षातून एकट्या नॅन्सी कॅसबॉम विरोधात गेल्या. बाकीच्या 96 सदस्यांना तेच पुरावे, तोच तपास अहवाल वाचून नेमके आपापल्या पक्षाला सोयीचे निष्कर्ष सुचले. त्यानंतर आठवडाभरात डिक चेनी यांचे नाव 92 विरुद्ध 0 मतांनी मंजूर झाले. चेनी यांनी कधीही सैन्यात सेवा केली नव्हती आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्यांनी पाच वेळा सक्तीच्या भरतीतून सवलत घेतली होती. ही पात्रतेची परीक्षा असेल, तर तिचा अभ्यासक्रम आठवड्यागणिक बदलतो असे म्हणावे लागेल.

त्यानंतरच्या काळात तर मतदान कधी घ्यायचे हेच हत्यार झाले. फेब्रुवारी 2017 मध्ये शिक्षणमंत्रिपदासाठी बेट्सी डेव्हॉस यांचे नाव होते. कॉलिन्स आणि मुर्कोव्स्की या दोन रिपब्लिकन सदस्यांनी विरोध जाहीर केल्याने मते 50-50 होणार हे स्पष्ट झाले. त्याच वेळी जेफ सेशन्स हे रिपब्लिकन सिनेटर ॲटर्नी जनरल (न्याय खात्याचे मंत्री) होण्याच्या रांगेत होते. पण मंत्री झाल्यावर सिनेटचे सदस्यत्व सोडावे लागते. म्हणून नेतृत्वाने डेव्हॉस यांचे मतदान आधी आणि सेशन्स यांचे दुसऱ्या दिवशी ठेवले. सेशन्स आधी मंत्री झाले असते, तर एक मत कमी पडले असते. विरोधकांनी रात्रभर भाषणे केली. 7 तारखेला उपराष्ट्राध्यक्ष पेन्स यांनी निर्णायक मत टाकले आणि मंत्रिपदाच्या मंजुरीसाठी असे मत पडण्याची ती पहिलीच वेळ ठरली. 2025 च्या जानेवारीत पीट हेगसेथ संरक्षणमंत्री झाले तेही उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या अशाच मतावर. त्याच आठवड्यात परराष्ट्रमंत्री म्हणून मार्को रुबियो यांना मात्र 99 विरुद्ध 0 अशी मंजुरी मिळाली होती. म्हणजे एकमत अशक्य नाही. ते नाव कोणाचे आहे यावर ठरते.

‘नापास झालेले गळतात’ हा दुसरा दावा. 1789 पासून आजवर सिनेटने प्रत्यक्ष मतदानाने फेटाळलेले मंत्रिपदाचे उमेदवार नऊच आहेत आणि त्यांतले शेवटचे टॉवर. खरी गळती मतदानाआधी होते, आणि ती विरोधी पक्षामुळे क्वचितच होते. 2021 मध्ये अर्थसंकल्प कार्यालयाच्या प्रमुखपदासाठी नीरा टंडन यांचे नाव मागे घ्यावे लागले, कारण 50-50 अशा सभागृहात बायडेन यांच्याच पक्षाच्या जो मँचिन यांनी पाठिंबा नाकारला. नोव्हेंबर 2024 मध्ये ट्रम्प यांचे ॲटर्नी जनरलपदाचे उमेदवार मॅट गेट्झ यांनी जाहीर घोषणेनंतर आठवडाभरातच माघार घेतली, तीही स्वपक्षाच्या सिनेटरांचा कल कळल्यावर. मतदानात पडलेल्या नऊ जणांतही हेच दिसते : 1925 मध्ये ॲटर्नी जनरलपदाचे उमेदवार चार्ल्स वॉरन यांना रोखले ते साखर कंपन्यांशी असलेल्या त्यांच्या संबंधांवर बोट ठेवणाऱ्या पुरोगामी रिपब्लिकन सदस्यांनी. त्या दिवशी मते 40-40 झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष डॉझ मतदान होणार नाही या समजुतीने हॉटेलात वामकुक्षी घेत होते. ते धावतपळत पोहोचेपर्यंत वॉरन यांच्या बाजूच्या एकमेव डेमोक्रॅट सदस्याने मत फिरवले होते. या गाळणीचे छिद्र कितीही बारीक-मोठे असो, ते सत्ताधारी पक्षातल्या दोन-चार बंडखोरांच्या हातात असते.

नियमांचेही तेच. 2013 मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुखपदासाठी जीना मॅकार्थी यांच्यावर समितीत मतदान होणार होते, तेव्हा रिपब्लिकन सदस्य आलेच नाहीत. 2017 मध्ये अर्थमंत्रिपदासाठी स्टीव्हन मनुचिन आणि आरोग्यमंत्रिपदासाठी टॉम प्राइस यांच्या वेळी डेमोक्रॅट सदस्यांनी हेच केले. वित्त समितीच्या नियमानुसार विरोधकांपैकी किमान एक जण हजर असायला हवा होता. अध्यक्षांनी तो नियमच स्थगित केला आणि 14 विरुद्ध 0 मतांनी दोन्ही नावे पुढे पाठवली. चर्चा थांबवून नावावर मतदान घेण्यासाठी पूर्वी 60 मते लागत. नोव्हेंबर 2013 मध्ये डेमोक्रॅट बहुमताने ती अट साध्या बहुमतावर आणली आणि चार वर्षांनी तिचा सर्वांत मोठा लाभ ट्रम्प यांना झाला. 60 ची अट असती, तर डेव्हॉस शिक्षण खात्यात पोहोचल्याच नसत्या.

‘राष्ट्राध्यक्षसुद्धा काही करू शकत नाहीत’ हेही खरे नाही, कारण ‘कार्यवाहक’ मंत्री, म्हणजे सिनेटच्या मंजुरीविना तात्पुरता कारभार पाहणारा मंत्री, नावाची पळवाट आहे. चॅड वूल्फ नोव्हेंबर 2019 पासून जानेवारी 2021 पर्यंत अंतर्गत सुरक्षा खात्याचे कार्यवाहक मंत्री होते. ती नेमणूक वैध नसल्याचा निष्कर्ष काँग्रेसच्याच लेखापरीक्षण संस्थेने काढला, तरी ते खुर्चीवर राहिले. बायडेन यांच्या काळात ज्युली सू यांनी सिनेटची मंजुरी न मिळताच मार्च 2023 पासून जवळजवळ दोन वर्षे कामगार खाते चालवले. त्या खात्याच्या स्वतंत्र कायद्यात त्याची सोय होती. वाट वेगळी, पण पक्ष कोणताही असो, गरज पडली की ती सापडते.

या पद्धतीत काहीच चांगले नाही, असे माझे म्हणणे नाही. उमेदवाराची आर्थिक हितसंबंधांची माहिती मिळते, तपास यंत्रणा त्याची चौकशी करते आणि त्याला उघड सुनावणीत तासन् तास प्रश्न विचारले जातात. मात्र अमेरिकेचे मंत्री सभागृहाचे सदस्य नसतात, त्यामुळे ही छाननी आधीच करून घ्यावी लागते. आपल्याकडे मंत्री सभागृहातच बसतो, प्रश्नोत्तराच्या तासाला उत्तरे देतो, आणि अनुच्छेद 75 नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते.

आता शेवटचा दावा : ‘भारतात आणले तर.’ समजा, उद्या लोकसभेने प्रत्येक मंत्र्यावर मतदान घ्यायचे ठरवले. ज्या पक्षाकडे किंवा आघाडीकडे बहुमत आहे, तिचाच पंतप्रधान आणि तिचेच मंत्री. विरोधकांच्या मतांनी नाव पडणे शक्यच नाही. नाव पडेल ते फक्त सत्ताधारी खासदारांनी विरोधात मत दिले तर. कॉलिन्स आणि मुर्कोव्स्की यांनी 2017 मध्ये तसे केले, 2025 मध्ये पुन्हा केले आणि मधल्या काळात दोघीही पुन्हा निवडून आल्या. आपल्या खासदाराने पक्षादेश झुगारून असे मत दिले, तर 1985 पासून लागू असलेल्या राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली (पक्षांतरबंदी) त्याच्यावर अपात्रतेची टांगती तलवार येते. पक्षादेश असाच कायम ठेवून मंजुरीचे मतदान आणले, तर कलंकित मंत्र्याच्या हाती सभागृहाने दिलेले चारित्र्याचे प्रमाणपत्र मात्र येईल.