नाव तालचं, खेळ कुणाचा?

बास झालं आता! जुन्या महान खेळाडूंच्या नावाने हे जे बुद्धिबळाचे बॉट, म्हणजे कॉम्प्युटरचे खेळाडू, काढतात ना, त्यांचा खरंच संताप येतो. फोटो जुना जगज्जेता मिखाइल ताल याचा, नाव तालचं, पहिल्या आठ-दहा चाली त्याच्या ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, आणि पुढे? तेच एक इंजिन, म्हणजे चाली काढणारा प्रोग्राम, रेटिंग कमी दाखवायचं म्हणून मधेच मुद्दाम घोडा फुकट देणारं. याला तालचं बलिदान म्हणायचं? अरे तो मोहरा द्यायचा तेव्हा समोरच्याला घाम फुटायचा, १९६० मध्ये बोटविनिकसारख्या माणसाकडून जगज्जेतेपद घेतलं त्याने!

दुसरा जुना जगज्जेता कापाब्लांका, त्याचं तर बघवतच नाही. १९१६ ते १९२४ एकही अधिकृत डाव न हरलेला माणूस, एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, हे त्याचं घर, आणि त्याचा बॉट साध्या हत्ती-प्याद्याच्या एंडगेममध्ये प्यादं सोडून हत्ती इकडेतिकडे फिरवत बसतो. पुढे जगज्जेता झालेल्या पेट्रोसियनने १९५३ ला झ्युरिकच्या स्पर्धेत रेशेव्हस्कीसमोर हत्ती ई६ या चौकोनात ठेवला, त्याच्या उंटाने मारला तर मारू दे म्हणून, ती समज कुठल्या सेटिंगमध्ये टाकणार तुम्ही?

नवीन पोरं हे खेळून म्हणतात, कापाब्लांकाला हरवलं, सोपा होता. नावं काढा ना ती, लेव्हल एक, लेव्हल दोन लिहा सरळ!