गावचं हायस्कूल प्रेमानं बंद कसं पाडावं

सुरुवात कमानीपासून करा. आठवीचा वर्ग गळतोय, प्रयोगशाळेच्या कुलपाची किल्ली सापडत नाही, ते मागनं बघू. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा घ्या, वर्गणी काढा आणि रस्त्यावरनं दिसेल अशी आरसीसी कमान उभी करा. देणगीदारांची नावं ग्रॅनाइटवरच कोरा. रंगानं लिहिलेली दोन पावसाळ्यांत जातात, क्रमावरून झालेली भांडणं राहतात.

लग्नसराईत मैदान मांडववाल्याला द्या. खांबांचे खड्डे बुजवायला लावू नका. जूनमध्ये त्यांवर गवत येतं आणि खो-खो खेळणारीचा पाय नेमका तिथंच मुरगळतो.

आता मुख्य काम, स्वतःचं पोर. ते तालुक्याच्या इंग्रजी माध्यमात घाला. 'मराठी शाळा टिकली पाहिजे' हे भाषण त्याची पिवळी व्हॅन वेशीबाहेर गेल्यावर करा.

उरलेल्यांचा बंदोबस्त कागदावर होतो. शिक्षक किती द्यायचे हे संचमान्यतेत ठरतं आणि ती ३० सप्टेंबरच्या पटावर होते. नुसतं पटावर नाव असून भागत नाही, आधार जुळावं लागतं. जनरल रजिस्टरला 'लक्ष्मण', आधारवर 'लक्ष्मन' आणि जन्मतारीख सरसकट १ जानेवारी, असा मुलगा पहिल्या बाकावरून रोज हजेरी देत असला तरी हिशेबात नसतो. म्हणून मास्तर दारात येऊन 'आधार दुरुस्त करून आणा' म्हणाले की त्यांना चहा पाजा आणि सांगा, 'सोयाबीन निघू द्या, मग बघू.' सोयाबीन ऑक्टोबरात निघतं.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानं तर काम आणखी सोपं केलं: सहावी ते आठवी किंवा नववी-दहावी गटाचा पट विसाच्या आत आला की त्या गटाला मंजूर शिक्षक शून्य. तिथवर पोचायच्या आधीच गणिताचे सर अतिरिक्त ठरून दुसरीकडे समायोजित होतात आणि इतिहासाच्या बाई प्रमेय फळ्यावर उतरवून देतात. (मतदार यादीचं काम आलं की तेही नाही.) हीच वेळ शाळेला टाळं ठोकून 'शिक्षक द्या' म्हणण्याची. टाळं चांगलं आणा, पुढंही लागणार आहे. मोर्चात पुढं कोण राहणार हे मात्र व्हॅनची वेळ बघून ठरवा.

मुलींची काळजी नको. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे. सकाळची गाडी आली तर जातील. थांब्याला शेड नाही, पण पाऊस लागला तर कमान आहे.