पान द्यावं की देऊ नये

‘डोमिनियन’ या पत्त्यांच्या खेळाच्या विकीवर मी संपादक आहे, असं सांगितलं की लोकांना वाटतं, हा दिवसभर पत्ते कुटत असणार. पत्ते कुटायला वेळ कुठला! गेली दोन वर्षं माझ्यामागे एकच काम आहे: कोणत्या डावपेचाला स्वतःचं पान द्यायचं आणि कोणाची एका ओळीवर बोळवण करायची.

खेळ तसा साधा. सुरुवातीला प्रत्येकाकडे दहा पत्ते: सात कॉपर, म्हणजे सगळ्यात हलके पैशाचे पत्ते, आणि तीन इस्टेट, म्हणजे किरकोळ गुणांचे. मधे मांडलेल्या ढिगांतून एकेक पत्ता विकत घेत आपला जुडगा वाढवायचा आणि संधी मिळताच आठ नाण्यांचे, भरघोस गुणांचे प्रॉव्हिन्स घ्यायचे. शेवटी ज्याचे गुण जास्त, तो जिंकला. गोम आहे ती दर डावाला बदलणाऱ्या दहा ढिगांत. २००८च्या पहिल्या पेटीत असे २५ प्रकार होते. त्यांतले दहा निवडायच्या तऱ्हा होतात ३२,६८,७६०. पुढे विस्तारांच्या पेट्यांवर पेट्या आल्या आणि मी मोजणं सोडलं. पण प्रत्येक तऱ्हेत कोणीतरी एकदा जिंकलेला असतोच, आणि तो दुसऱ्या दिवशी सकाळी विकीवर नवं पान उघडतो.

नाव झोकात असतं. ‘वादळी लोहार’. आत तीन वाक्यं: हा अत्यंत प्रभावी डावपेच आहे. समोरच्याला काही कळतच नाही. मी तीन वेळा जिंकलो. मी चर्चापानावर अदबीनं विचारलं, ‘कोणाशी जिंकलात?’ दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘पुतण्याशी.’ पुतण्याचं वय विचारायचं मी टाळलं.

शेवटी आम्ही चारपाच जणांनी बसून एक कसोटी ठरवली. एरवी सुचणार नाही असं काहीतरी तो डावपेच करायला लावत असेल, तर पान. या कसोटीला सगळ्यात झकास उतरली ती गार्डन्स-वर्कशॉपची जोडी. एरवी शहाणा खेळाडू जुडगा सडपातळ ठेवतो. पण गार्डन्सच्या प्रत्येक पत्त्याला, जुडग्यातल्या दर दहा पत्त्यांमागे एक गुण मिळतो. मग हा गडी, स्वस्तातले पत्ते फुकटात मिळवून देणारं वर्कशॉप लावून, दिसेल ते भंगार घरात भरत सुटतो. ढीग भराभर संपतात, आणि तीन ढीग संपले की डाव संपला. समोरचा अजून आपलं यंत्र जोडतोय, पाना कुठे ठेवला ते शोधतोय, तोवर हा गुण मोजायला बसलेला. अशाला पान नाही द्यायचं तर कोणाला?

चॅपलला मात्र दिलं नाही. दोन नाण्यांचा पत्ता, एका वेळी हातातले चार नकोसे पत्ते कायमचे घालवतो. चाहते म्हणाले, हाच खरा डावपेच! अहो, पण चॅपल समोर दिसलं की जवळजवळ सगळेच ते घेतात. श्वास घेण्याला कोणी डावपेच म्हणतं का? पत्त्याचं पान आहे, तिथे लिहा. यावर अकरा दिवस चर्चा चालली आणि एका सदस्यानं माझ्याशी बोलणं टाकलं.

खरं रणकंदन झालं ते ‘बिग मनी’वरून. यात करायचं काय, तर कॉपरहून भारी पैशाचे पत्ते, म्हणजे सिल्व्हर घ्या, गोल्ड घ्या, आठ नाणी जमली की प्रॉव्हिन्स घ्या. बस्स. ‘ही कसली स्ट्रॅटेजी, हा तर आळस!’ असं सगळे ओरडले. मीही ओरडलो. पण नंतर एकेकाचे अचाट बेत या आळशाशी खेळवून पाहिले, तर निम्मे तिथेच आडवे. त्यात एखाददुसरा स्मिदी, म्हणजे जादा पत्ते ओढू देणारा लोहार घातला, तर आळशी आणखीच चिवट होतो. वादळी लोहारही त्याच्याकडून हरला. आज आमच्या विकीवरचं सगळ्यात लांब पान त्या आळशाचं आहे.

आता आपला तो बाब्या म्हणतात तसं माझंही एक पान होतं. नाव ‘रात्रपाळी’. चौदाशे शब्द, दोन तक्ते. हत्यार एकच: थीफ. समोरच्याला वरचे दोन पत्ते उघडायला लावायचे आणि त्यांतला पैशाचा एक आपण लांबवायचा. एके दिवशी पानावर ‘वगळावे’ची पाटी लागली. लावणारा पुतण्याचा काका. त्याचा मुद्दा असा, की सुरुवातीला हाती लागतात ती मुख्यतः कॉपरच. म्हणजे तुम्ही त्याच्या घरचा केर काढता आणि तो आपल्या घरात आणून टाकता. शिवाय २०१६च्या दुसऱ्या आवृत्तीत थीफ पेटीतूनच काढला, याची आठवण त्यानं करून दिली. आणि खाली विचारलं, ‘कोणाशी जिंकलात?’

मी लिहिलं, ‘जिंकलो असं नाही, पण हरताना मजा फार आली.’

आता ‘रात्रपाळी’ टाइप केलं की ‘नवख्यांच्या नेहमीच्या चुका’ हे पान उघडतं. काल तिथे जाऊन मी माझ्याच एका डावाचं उदाहरण भरलं. अर्ध्या तासात त्यापुढे ‘संदर्भ हवा’ असा शेरा पडला.