दोघींना हो म्हटलंत ना, सर?

पडद्यावर गेराल्ट पलंगाला जखडलेला, अंगावर लाज राखण्यापुरतं कापड, आणि ज्या दोघींच्या भरवशावर तो इथवर आला त्या दोघीही नुकत्याच निघून गेलेल्या. नेमक्या याच क्षणी इंटरनेट दुरुस्त करणारा माणूस खोलीत शिरला. मी घाईघाईने पॉज दाबलं. पण पॉज दाबल्याने दृश्य लपत नाही. जे दोन सेकंदांत सरलं असतं ते तिथेच ठाण मांडून बसतं.

त्याने राउटरच्या लाल दिव्याकडे बघितलं, मग पडद्याकडे बघितलं. दोन्हीकडे बघताना चेहरा तोच. बॅग खाली ठेवत तो म्हणाला,

"दोघींना हो म्हटलंत ना, सर?"

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या व्हिडिओ गेमचं नाव द विचर ३. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने तो २०१५ मध्ये काढला, आंद्रेय सापकोव्स्कींच्या पुस्तकांतल्या जगावर. पैसे घेऊन राक्षस मारणं हा गेराल्टचा धंदा. त्याच्या आयुष्यात दोन जादूगारिणी. येनेफर, काळ्या केसांची, लायलॅक आणि गूजबेरीच्या वासाची, कुणाचंही न ऐकणारी. आणि ट्रिस, लाल केसांची, जिच्याशी निदान बोलता येतं. वाटेत दोघींना 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं सांगायची सोय आहे. दोघींना सांगितलंत तर त्या एकमेकींशी बोलतात, तुम्हाला एका खानावळीत बोलावतात, वाइन पाजतात, पलंगाला अडकवतात आणि निघून जातात. मग डँडेलियन नावाचा कवीमित्र येऊन सोडवतो. त्यानंतर दोघीही नाहीत. कायमच्या.

यात माझं काय चुकलं हे मला अजूनही कुणी सांगितलेलं नाही. तो पर्याय मी शोधून काढलेला नव्हता. खेळानेच विचारलं होतं. एकदा बंदरावर, जिथे ट्रिस जहाजात बसून कायमची निघालेली असते. एकदा डोंगराच्या माथ्यावर अडकलेल्या फुटक्या जहाजावर, जिथे जिन या जादुई शक्तीने दोघांवर घातलेलं बंधन सुटल्यावर येनेफर विचारते की आता जादू नाही, तर मग काही उरलंय का. आता मला सांगा, अशा वेळी माणुसकी असलेला माणूस काय म्हणेल? 'नाही, काही उरलं नाही,' असं म्हणायचा पर्यायही यादीत होता. मला तो निर्दयपणाचा वाटला. मी दोन्ही ठिकाणी सभ्यपणे वागलो. सभ्यपणाची शिक्षा म्हणून मी पलंगाला बांधला गेलो, आणि ते बघायला एक साक्षीदार शिडी घेऊन आला.

"सर, केबलमध्ये लाइट येत नाहीये. बाहेर फायबर तुटलीय," तो म्हणाला आणि खांबावर चढलेल्या त्याच्या जोडीदाराला फोन लावला. फोन स्पीकरवर. मला वाटलं, आता कामाचं बोलतील.

"अरे ऐक, इथे सरांनी दोघींना हो म्हटलंय."

पलीकडे शांतता. मग वाऱ्याचा आवाज. मग, "बांधलं?"

"हो. बांधून ठेवलंय."

"अरेरे," खांबावरून सहानुभूती आली. आणि लगेच, "सरांना विचार, मनातून कोण होती?"

मी म्हटलं, मला ऑफिसचं काम आहे, तुम्ही जरा लाइनचं बघा. त्यावर खोलीतला इसम माझ्याकडे असा बघायला लागला की कामाचं सोंग घेणारा मीच. सकाळी ऑफिसच्या वेळेत इंटरनेट नाही म्हणून गेराल्ट खेळत बसलेल्या माणसाला तसं बघण्याचा त्याला पूर्ण हक्क होता, हा भाग वेगळा. शेवटी मी पुटपुटलो, "ट्रिस."

खांबावरून "येस!" असा आवाज आला. खोलीतल्याने हातातला मीटर खाली ठेवला.

मला नंतर कळलं की या दोघांचं यावरून पूर्वी एकदा बोलणं बंद झालं होतं. म्हणजे खांबावर चढलेला माणूस आणि खाली केबल धरणारा माणूस, यांच्यात संवाद नाही. तेव्हा ज्यांचं नेट बंद होतं त्या बिचाऱ्यांना कारण सांगितलं असेल, तांत्रिक अडचण.

"सर, राग मानू नका," खोलीतला म्हणाला, "पण ट्रिसने विसराळू माणसाचा फायदा घेतला. पहिल्या गेममध्ये, २००७ च्या, गेराल्टला काही आठवत नसतं. ही त्याची जुनी ओळखीची. येनेफर नावाची बाई तुझ्या आयुष्यात आहे, हे हिने सांगायला नको? दुसरा गेम आला २०११ ला, तोवर हिचा संसार चालूच."

"अहो, येनेफर तेव्हा खेळातच नव्हती! तिला आणायचं की नाही हे ट्रिसच्या हातात होतं का?"

"सांगायला काय जातं, सर?"

फोनमधून जोडीदार कडाडला, "आणि नोव्हिग्राडमध्ये जादूगारांना चौकात जिवंत जाळत होते तेव्हा त्यांना शहराबाहेर कुणी काढलं? तुझी येनेफर तेव्हा कुठे होती? हुकूम सोडत होती!"

"ती मानलेल्या पोरीला शोधत होती. सिरीला. गेम त्याचाच आहे. आणि पुस्तकं वाचली असतीस तर हा घोळच झाला नसता."

"मी पुस्तक खेळत नाहीये, गेम खेळतोय!"

"तिने पलंग खिडकीतून बाहेर फेकला," मी मध्ये तोंड घातलं. कारण हे मला लागलेलं होतं. केअर मॉर्हेनच्या गढीत येनेफरला कळतं की या पलंगावर ट्रिससुद्धा झोपत होती, आणि ती पलंग जादूने उडवून देते.

"हक्काने फेकला, सर."

"मला तळ्यात टाकलं!"

"मग तुम्ही जास्त बोलला असाल."

बोललो होतो. पण त्याला हे कसं कळलं?

या टप्प्यावर मी साधा प्रश्न विचारला, की बाबा, शेवटी ज्याची त्याची आवड असते ना? तो हसला. नव्या ग्राहकाला प्लॅन समजावताना हसतात, तसं. "सर, हा आवडीचा प्रश्न नाही. याला बरोबर उत्तर आहे."

मला खरी चीड इथे आली आणि ती अजून उतरलेली नाही. या खेळांच्या भक्तांमध्ये नायिका ही बाई नसते, पेपर असतो. बरोबर उत्तर एक, आणि ते लिहिणारे लोक चुकीचं लिहिणाऱ्यांचे कान धरायला मोकळे. ट्रिसवाल्यांचंही तेच. त्यांनी तक्रार केली की आम्ही ट्रिस निवडली तरी पुढे तिच्या तोंडी वाक्यंच कमी, येनेफरला मात्र भरभरून. तक्रार रास्त होती. २०१५ मध्येच आलेल्या एका पॅचमध्ये, म्हणजे खेळाच्या सुधारणेत, ट्रिसचं बोलणं वाढवलं गेलं. पण रास्त असली तरी ती तक्रार कोणाच्या वतीने होती? ट्रिसच्या? छे. आम्ही निवड केली, आम्हाला माल कमी मिळाला, एवढंच.

हे काही नवीन नाही. फायनल फँटसी सेव्हन हा गेम, १९९७. त्यातल्या दोन नायिकांपैकी एअरिथ की टिफा, हे भांडण तेव्हा लागलं ते एअरिथला पहिली सीडी संपताना मारून टाकलं तरी मिटलं नाही. उलट मेलेली बाई जिंकते, कारण तिच्या हातून पुढे चूक होत नाही. त्या खेळात कुणाला किती गोड बोललात याचे छुपे गुण मांडून ठेवलेले असतात आणि त्या हिशेबाने गोल्ड सॉसर नावाच्या मनोरंजननगरीत एक संध्याकाळ तुमच्याबरोबर फिरायला कोण येणार ते ठरतं. मुलींशी तुसडेपणाने वागलात तर येतो बॅरेट. दोन हातांपैकी एक हात मशीनगन असलेला, आडदांड, कपाळाला आठ्या. मी त्या हवाई पाळण्यात बॅरेटसमोर बसून आतषबाजी बघितलेली आहे. तो सगळा वेळ कुरकुरत होता. मला सांगायला हरकत नाही, खेळातल्या प्रेमप्रसंगांपैकी मला पटलेला तो एकमेव. त्याला तिथे यायचं नव्हतं आणि ते त्याने स्पष्ट सांगितलं.

आणि त्या झेल्डाची तर गोष्टच सोडा. १९८६ पासून खेळाला नाव तिचं आणि तलवार दुसऱ्याच्या, लिंक नावाच्या नायकाच्या, हातात. निन्टेन्डोने मुख्य नायिका म्हणून तिला स्वतःचा खेळ दिला २०२४ मध्ये. अडतीस वर्षं. यावर भक्तांचं भांडण काय, तर लिंकचं आणि तिचं नक्की आहे की नाही.

तर ही सगळी मळमळ मी त्या माणसावर काढली. म्हटलं, तुमचं ते बरोबर उत्तर राहू द्या, मला एक सांगा. सिरीच्या जिवावर बेतलंय, मागे वाइल्ड हंट नावाची स्वारांची टोळी लागलीय, जग गोठून मरणार आहे. आणि मी काय करतो? गावोगावच्या व्यापाऱ्यांशी ग्वेंटचे पत्ते खेळत हिंडतो. घोड्यांच्या शर्यती लावतो. एका म्हातारीची कढई शोधून देतो. महिनोन् महिने. आणि तिकडे स्केलिगेच्या बेटावर येनेफर त्याच कपड्यांत, त्याच जागी उभी. मी उगवलो की पुढचं वाक्य म्हणते. जुन्या लफड्यासाठी पलंग खिडकीतून फेकणारी ही बाई, एकदाही विचारत नाही की इतके दिवस होतास कुठे? तिचा तो सुप्रसिद्ध स्वभाव फक्त लिहिलेल्या प्रसंगापुरता. मधल्या काळात ती खुशाल वाट बघते. यावर भांडा की! कोण खरी, कोण खोटी यावर कसले भांडताय?

तो फायबर सोलत होता. मान वर न करता म्हणाला, "ती वाट बघत नाही, सर."

"मग?"

"तुम्ही तिथे नसता तेव्हा ती नसतेच. लोडच होत नाही."

मी गप्प बसलो. तांत्रिकदृष्ट्या त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, आणि त्यामुळेच ते जास्त झोंबलं. मी बाईच्या बाजूने तावातावाने बोलत होतो आणि हा सांगत होता की जिच्यासाठी बोलताय तिला तुमच्या गैरहजेरीत असण्याचीसुद्धा मुभा नाही. याहून मोठी तक्रार मला तरी सुचत नाही. आणि त्याने ती तक्रार म्हणून सांगितलीच नव्हती. मेमरी वाचते म्हणून सांगितली होती. वर त्याने येनेफरच्या बाजूने मुद्दा टाकला, "पण हजर असते तेव्हा कामाची बाई आहे. मेलेल्या पोराला बोलतं करायला फ्रेया देवीची अख्खी बाग सुकवून टाकली. पुजारणी रडत राहिल्या. हिने मागे वळून बघितलं नाही. गेराल्टसाठी नाही सर, लेकीसाठी. तिला गेराल्ट नसता मिळाला तरी तिचं काम थांबलं नसतं."

हे मात्र खरं. ते मी त्याला सांगितलं नाही.

खांबावरून जोडीदाराचा आवाज आला, "जोड रे आता, पाय दुखले." राउटरचा लाल दिवा गेला, हिरवा लुकलुकायला लागला. त्याने सामान आवरलं. जाता जाता पुन्हा पडद्याकडे बघितलं. गेराल्ट अजून बांधलेला.

"सर, एक मार्ग आहे."

मला वाटलं तो म्हणणार, पाच मिनिटं बंद ठेवून परत चालू करा. मघाशी राउटरला त्याने हेच केलं होतं.

"हार्ट्स ऑफ स्टोन घ्या. जोडखेळ आहे, २०१५ चाच. त्यात शानी आहे. पहिल्या गेममधली. डॉक्टर. दोघींचं तुटलं तरी ती आहेच. लग्नाचा मस्त प्रसंग आहे, तिच्यासोबत जायचं."

"आणि मग?"

"मग ती जाते, सर. सैन्यात डॉक्टर म्हणून. युद्ध चालू असतं ना. कटकट नाही."

"अहो, कटकट नाही म्हणजे काय?" माझा आवाज चढला. "ती बाई जखमी सैनिकांचे हातपाय शिवते, तिला स्वतःचं ठरलेलं आयुष्य आहे, आणि तुम्ही तिला दोघींनी हाकललेल्या माणसाची सोय म्हणून..."

"शानी चांगली आहे," फोनमधून जोडीदार म्हणाला. या एका बाबतीत दोघांचं एकमत होतं.

"...सोय म्हणून पुढे करताय? तिला कुणी विचारलं? तिच्यासाठी कुणी भांडतं का? तिच्या नावाने दोन गट तरी पडलेत का कधी?"

त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग मोबाइल पुढे केला.

"सर, कम्प्लेंट क्लोज करायचीय. ओटीपी सांगता?"