रोजच्या मिस्सेला येतं कोण?

आज फार संताप झालाय, म्हणून लिहायला बसलेय. पोस्ट लांब होणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी सरळ पुढे जावं, पण आपल्या धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, मंडळींनी मात्र शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

आज रविवारच्या मिस्सेनंतर (मिस्सा म्हणजे आपल्या कॅथलिक चर्चमधली मुख्य उपासना) पॅरिश कौन्सिलची, म्हणजे धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाची, बैठक होती. वर्षभराचे कार्यक्रम ठरवायचे होते. बोलता बोलता एकाने मुद्दा काढला, की सकाळची रोजची मिस्सा आता आठवड्यातून एकदाच ठेवावी. लिजन ऑफ मेरी, व्हिन्सेंट डी पॉल हे घरोघरी भेटी देणारे 'जुने' गट एकत्र करून टाकावेत आणि वाचलेला वेळ, वाचलेली माणसं मोठ्या कार्यक्रमांच्या कामाला लावावीत. एवढ्यावर थांबला असता तरी ऐकून घेतलं असतं. पण वर म्हणाला, "तसंही रोजच्या मिस्सेला येतं कोण? चार म्हाताऱ्या!"

आणि लोक हसले. आपलेच लोक. ज्यांच्या घरची आजारी माणसं याच म्हाताऱ्यांनी सांभाळली ते लोक हसले.

त्या चारांतली एक मावशी माझ्या आईकडे दर शुक्रवारी यायची. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून ती जाईपर्यंत. सकाळची मिस्सा आटपली की तिथूनच निघायची. गळ्यात छोटी पिशवी, पिशवीत ख्रिस्तशरीराची, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेल्या भाकरीची, डबी, आणि डबीवर हात. रस्त्यात कोणाशी बोलायची नाही, ओळखीचं कोणी भेटलं तर नुसती मान हलवायची. लोकांनाही कळायचं, ते बाजूला व्हायचे. मी स्टुलावर पांढरं कापड अंथरून ठेवलेलं असायचं, मेणबत्ती, लहान क्रूस, पेल्यात पाणी आणि चमचा. शेवटी शेवटी आईला गिळता येईना, तेव्हा मावशी ख्रिस्तशरीराचा अगदी नखाएवढा तुकडा मोडून द्यायची आणि मग चमचाभर पाणी. घाई म्हणून कधी नाही. आईचा घास खाली उतरेपर्यंत तिचा हात धरून बसून राहायची.

हे काम करायची मुभा आपल्यासारख्या साध्या प्रापंचिक माणसांना 1973 साली मिळाली, पोप सहावे पॉल यांच्या काळात. त्याआधी आजाऱ्यांनी फादरांची वाट बघत बसायचं. फादर एकटे, घरं शेकड्यांनी. म्हणजे चर्चने एवढा विश्वास टाकून जे काम आपल्या हातात दिलं, ते आपण 'कोण येतं' म्हणून मोडीत काढायला निघालोय.

कोणी म्हणेल, ख्रिस्तशरीर पवित्र पेटीत राखून ठेवलेलं असतंच, आजाऱ्यांना तिथून नेता येतं, त्यासाठी रोज मिस्सा कशाला? नेता येतं, मान्य. पण नेणार कोण? ती माणसं आभाळातून पडतात का? ती त्या सकाळच्या बाकांवरूनच उठतात. आज अमकी दिसली नाही, दोन दिवस झाले तमक्याची खुर्ची रिकामी आहे, हे कोणाच्या लक्षात येतं? रविवारच्या गर्दीत माणूस महिनाभर आला नाही तरी कोणाला पत्ता लागत नाही. सकाळच्या मिस्सेत एक जण चुकला की नऊच्या आत त्याच्या दारावर थाप पडते. माझ्या आईचंही तसंच झालं. ती पडली ते मी कोणाला सांगायच्या आधीच मावशी दारात उभी होती.

आठवडाभर आपल्या चर्चमध्ये काय काय चालतं, हे बैठकीत हसणाऱ्यांना खरंच माहीत आहे का? वेदीवरची कापडं कोण धुतं? मिस्सेतल्या द्राक्षारसाचा कप पुसायची कापडं आधी नुसत्या पाण्यात भिजवतात आणि ते पाणी मोरीत टाकत नाहीत, मातीत ओततात. मग कापडं वेगळी धुवायची, इस्त्री करून तीन घड्यांत ठेवायची. हे दर आठवड्याला कोणीतरी करतं, आणि त्याचा फोटो कधी ग्रुपवर येत नाही. गुरुवारच्या आराधनेला तासभर गुडघ्यावर कोण बसतं? शनिवारी फादर पापनिवेदनाला बसतात तेव्हा बाहेर मुलांना ओळीत गप्प कोण बसवतं? फुलं, कॉयरची तालीम, धर्मशिक्षणाचे वर्ग, वाचकांची यादी, कोणी ऐनवेळी आलं नाही तर धावत जाऊन वाचन करणारं माणूस. रविवार उभा राहतो तो या सगळ्यावर.

आणि व्हिन्सेंट डी पॉल 'जुना' गट म्हणे! हो, जुनाच आहे. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या कॉलेजच्या पोराने मित्रांना घेऊन सुरू केला. झोपडीझोपडीत कसं जायचं ते त्यांना सिस्टर रोझाली रँद्यू यांनी शिकवलं. आजही त्यांची पद्धत तीच, जोडीने घरी जायचं, बसायचं, ऐकायचं. बैठकीत एक पिशवी फिरते, तिच्यात कोणी किती टाकलं हे शेजारच्यालाही कळत नाही. लिजन ऑफ मेरीचं तर त्याहून वेगळं. डब्लिनला 1921 साली फ्रँक डफ यांनी सुरू केली, आणि तिच्या नियमात पैशाची, वस्तूंची मदत देणं बसतच नाही. फक्त भेट, प्रार्थना आणि पुढच्या आठवड्याच्या बैठकीत केलेल्या कामाचा अहवाल. एकाकडे मदतीचं काम, दुसरीत मदत द्यायचीच मनाई, आणि आमचे हुशार म्हणतात दोन्ही एकत्र करा. आधी दोन्हींच्या बैठकीला एकदा तरी जाऊन बसा ना!

मावशी लिजनचीच. कम्युनियन झालं, म्हणजे ख्रिस्तशरीर देऊन झालं, थोडा वेळ शांततेत गेला, की ती पर्समधून घडी घातलेला कागद काढायची. त्या आठवड्याच्या सूचना. आणि आईला सगळ्या वाचून दाखवायची, एक ओळ न गाळता. कोणाचं लग्न ठरलंय, कोणाचा बाप्तिस्मा, कोण वारलं, कुठल्या दिवशी कोणासाठी मिस्सा आहे. मला आधी वाटायचं, आई ऐकतेय तरी का, डोळे तर मिटलेले. एकदा लग्नाची घोषणा वाचताना आई डोळे न उघडता म्हणाली, "त्या पोरीची आजी माझ्याबरोबर कॉयरला होती. वरचा सूर लावताना मान वर करायची." मावशी हसली, म्हणाली, "पोरगीही करते हो, अगदी तशीच."

हे लिहिताना जरा थांबावं लागलं.

आईचा त्या चार भिंतींबाहेरच्या जगाशी तेवढाच संबंध उरला होता. आणि मावशीने तिला नुसतं घेणारी ठेवलं नाही. लिजनमध्ये जसे कामाला जाणारे सभासद असतात तसे घरी राहून रोज प्रार्थना करणारेही असतात. मावशीने आईला त्यात घेतलं. दर शुक्रवारी तिच्याकडे नावं द्यायची, ही ऑपरेशनला चाललीय, याची नोकरी गेलीय, या दोघांचं जमत नाहीये, यांच्यासाठी रोजरी (जपमाळेची प्रार्थना) म्हण. आई ती नावं बोटांवर धरायची. डॉक्टर, नर्स, मी, सगळे तिला आजारी माणूस म्हणून वागवत होतो. धर्मग्रामाने तिला काम दिलं.

"आजाऱ्यांना ऑनलाइन मिस्सा असते की आता," हेही आज ऐकलं. असते. 2020 मध्ये चर्चची दारं बंद होती तेव्हा त्याच स्क्रीनने आपल्याला तगवलं, ते मी नाकारत नाही. आईपुढेही मी मोबाइल लावून द्यायचे. पण मोबाइल कधी म्हणाला नाही, की आज तुमचा चेहरा उतरलाय, रात्री झोप लागली नाही का?

आणि जे म्हणतात की मिस्सा ती मिस्सा, भेटीगाठी हे नंतर जोडलेलं समाजकार्य, त्यांच्यासाठी एक गोष्ट. साधारण इसवी सन 150 च्या सुमाराला संत जस्टिन यांनी रविवारी ख्रिस्ती लोक जमून काय करतात ते लिहून ठेवलंय. वाचन, प्रवचन, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, सगळं आपल्यासारखंच. आणि त्यातच लिहिलंय, की जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक ते घेऊन जातात, आणि जमलेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परके यांची काळजी घेतली जाते. चर्चच्या इमारतीसुद्धा नव्हत्या तेव्हाची ही गोष्ट. न आलेल्याच्या घरी जाणं हा मिस्सेचाच भाग आहे, पहिल्यापासून.

माझ्या बाबतीतलंही सांगते. आईला सोडून मला रविवारी निघता यायचं नाही. जवळजवळ सगळेच रविवार बुडत होते आणि मनात ते सलत होतं. एका शुक्रवारी आई मावशीला म्हणाली, "हिलाही द्या." मी म्हटलं, मी आत्ताच चहा प्यायलेय. कम्युनियनआधी तासभर काही खायचं नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. तर मावशीने सांगितलं, की हा तासाचा नियम आजाऱ्याला नाही आणि आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यालाही नाही, तसं चर्चच्या कायद्यातच लिहिलंय. "तुम्ही बाई इथे ड्युटीवर आहात," म्हणाली. ज्यांनी कोणी हे कलम लिहिलं असेल त्यांनी कधीतरी आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढली असणार असं मला तेव्हा वाटलं. पण ते कलम माझ्या घरापर्यंत आणलं कोणी? चार म्हाताऱ्यांतल्या एकीने. रोज सकाळी मिस्सेला जाणारीला हे माहीत होतं, कौन्सिलवरच्या किती जणांना माहीत आहे?

त्या रोज जे ऐकतात तेही आपण ऐकत नाही. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, रोजची दोन वर्षांच्या. रूथची गोष्ट, विधवा झालेली सून आपल्या म्हाताऱ्या सासूला सोडून जात नाही ती, रविवारच्या वाचनांत येतच नाही. ती येते आडवारी, सकाळी, त्या चार जणींसमोर.

आता थोडं शांत झालेय, तर दुसरी बाजूही लिहिते. फादर थकतात, हे खरं आहे. सकाळी मिस्सा, मग शाळा, ऑफिस, अंत्यविधी, रात्री कुटुंबांचे वाद. रविवारी त्यांना सगळ्या धर्मग्रामासाठी मिस्सा अर्पण करावी लागते, जे आले त्यांच्यासाठी आणि जे आले नाहीत त्यांच्यासाठीही. त्यांना आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळायलाच हवा. त्या दिवशी आपण चर्चमध्ये जमून सकाळची प्रार्थना आणि रोजरी म्हणू, त्याला कोणाची ना नाही. तरुणांना सकाळी कामाच्या गाड्या धरायच्या असतात, हेही कळतं. आणि ज्याने तो मुद्दा मांडला तो माणूस वाईट नाही. पाऊस असो, ऊन असो, सणाच्या दिवशी पार्किंगला उभा राहणारा तोच असतो, शिडीवर चढून स्पीकर लावणाराही तोच. त्याच्या कष्टांबद्दल मला काही म्हणायचं नाही.

पण ते हसणं मी विसरणार नाही. मोठे कार्यक्रम करा, जरूर करा, मीही राबेन. त्यासाठी या बायकांना कापू नका. मंडपात हजार माणसं येतील आणि रात्री घरी जातील. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याच्या घरी कोणी वारलंय, तो कोणाला फोन करणार आहे? आईच्या दफनाच्या आदल्या रात्री आमच्याकडे रोजरी म्हणायला सगळ्यात आधी कोण आलं होतं, हे मला चांगलं आठवतंय. मावशीच्या हातात तेव्हाही तो कागद होता. आईने ज्यांच्यासाठी प्रार्थना केली त्यांची नावं तिने वाचली. त्यातले किती तरी जण खोलीत उभे होते आणि आपल्यासाठी ही बाई रोज प्रार्थना करत होती हे त्यांना तेव्हा कळलं.

कौन्सिलचं मत हा सल्ला असतो, निर्णय फादरांचा. म्हणून मी त्यांना पत्र लिहिलंय. रोजची मिस्सा राहावी, दोन्ही गट वेगळे राहावेत, आणि आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्यांची नावं वर्षातून एकदा तरी वेदीवरून सर्वांसमोर घेतली जावीत. ज्यांना सही करायची आहे त्यांनी पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सॅक्रिस्टीच्या (फादर मिस्सेची तयारी करतात त्या खोलीच्या) दारापाशी भेटा.

अजून एक. आजाऱ्यांच्या यादीत नवीन घरं आली आहेत आणि मावशीचे गुडघे आता जिने चढू देत नाहीत. जोडीने जायला माणसं हवीत, सकाळचा एक तास, आठवड्यातून एक दिवस. पुरुषांनीही यावं, एकट्या राहणाऱ्या आजोबांना बरं वाटतं. नाव मला इनबॉक्स करा. आणि कृपा करून कोण आजारी आहे, कुठे राहतं हे इथे कमेंटमध्ये विचारू नका, त्या घरच्यांना ते आवडणार नाही.