घरपट्टीच्या बिलातली चौथी ओळ आणि तिचा आमदार

विस्कॉन्सिन राज्यात दर डिसेंबरला मालमत्ता कराचे, म्हणजे आपल्या घरपट्टीचे, बिल टपालाने येते आणि त्यावर काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग), शहर किंवा गाव, शाळा जिल्हा आणि टेक्निकल कॉलेज अशा वेगवेगळ्या ओळी छापलेल्या असतात. इथले नागरिकत्व घेतल्यानंतर मी पहिल्या तीन ओळींमागच्या माणसांना मत देऊ लागलो. काउंटीचे पर्यवेक्षक, शहराचे नगरसेवक आणि शाळा मंडळाचे सदस्य हे सारे निवडणुकीला उभे राहतात आणि हरूही शकतात. चौथ्या, म्हणजे टेक्निकल कॉलेजच्या, ओळीमागे मात्र नऊ जणांचे एक मंडळ आहे. ते माझ्या घरावर कर बसवू शकते, पण त्यातल्या एकाही सदस्यासाठी मी मतदान करू शकत नाही. या मंडळाला जाब विचारायचा असेल तर तो कोणाला विचारायचा, हे शोधताना मी आमदारांच्या मतदारसंघांपर्यंत पोहोचलो आणि तिथे जे दिसले त्याविषयी ही पोस्ट आहे. ती लांब आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

राज्यात टेक्निकल कॉलेजांचे १६ जिल्हे आहेत आणि राज्याचा प्रत्येक तुकडा त्यांपैकी एका जिल्ह्यात मोडतो. विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत: असेंब्लीचे ९९ आणि सिनेटचे ३३ मतदारसंघ आहेत. असेंब्लीचे तीन मतदारसंघ जोडले की सिनेटचा एक होतो. २०२० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५८,९३,७१८ भरली, तेव्हा असेंब्लीच्या एका जागेमागे सुमारे ५९,५०० माणसे येतात. सर्व मतदारसंघांत माणसे जवळपास सारखी असलीच पाहिजेत, हा १९६० च्या दशकातील अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी घालून दिलेला दंडक आहे. कॉलेजांच्या जिल्ह्यांना असा कोणताही दंडक नाही.

हा फरक केवढा आहे ते दोन टोकांकडे पाहिले की कळते. उत्तरेतील निकोलेट कॉलेजच्या जिल्ह्याचा गाभा म्हणजे ओनायडा, व्हिलास आणि फॉरेस्ट या काउंट्या. या तिन्हींची मिळून लोकसंख्या २०२० मध्ये सुमारे ७० हजार होती, म्हणजे असेंब्लीच्या एका जागेहून थोडी अधिक. दुसऱ्या टोकाला मिलवॉकी एरिया टेक्निकल कॉलेज आहे. त्याच्या जिल्ह्यातील एकट्या मिलवॉकी काउंटीत ९,३९,४८९ माणसे राहतात, म्हणजे जवळजवळ १६ जागांइतकी, आणि त्याशिवाय ओझॉकी काउंटीचा बराचसा भाग व इतर काउंट्यांचे तुकडेही त्यात आहेत. निकोलेटच्या प्राचार्यांना विधिमंडळात आपले म्हणणे मांडायचे असेल तर मोजक्या कचेऱ्यांचे दार ठोठावून भागते. मिलवॉकीच्या कॉलेजामागे आमदारांची अख्खी पलटण उभी आहे, पण त्या पलटणीत कॉलेज हे आपले पहिले काम मानणारा कोण, हा प्रश्न उरतोच.

आग्नेय कोपऱ्यातील गेटवे कॉलेजचे चित्र त्यातल्या त्यात नीटस आहे. केनोशा, रसीन आणि वॉलवर्थ या तीन काउंट्या हाच त्याचा जिल्हा. माणसे सुमारे ४ लाख ७३ हजार, म्हणजे हिशेबाने जवळपास नेमक्या आठ जागा. पण हिशेबाने आठ जागा होतात म्हणून नकाशावरही आठच मतदारसंघ असतील असे नाही, कारण मतदारसंघाची रेषा काउंटीच्या सीमेवर थांबतेच असे नाही. ती शेजारच्या काउंटीत शिरली की गेटवेच्या यादीत, म्हणजे ज्यांच्या मतदारसंघाचा थोडाही भाग गेटवेच्या हद्दीत येतो अशा आमदारांच्या यादीत, आणखी एक आमदार येतो. मग त्याच्या मतदारसंघातील चार शेते आणि एक पेट्रोल पंप एवढेच गेटवेच्या हद्दीत असोत, यादीत त्याचे नाव इतरांच्याच बरोबरीने छापले जाते.

कॉलेजांच्या रेषा अशा वेड्यावाकड्या का, याचे उत्तर इतिहासात आहे. कामावर जाणाऱ्या मुलांच्या शिक्षणासाठी विस्कॉन्सिनने १९११ मध्ये कायदा केला. त्यामागे राज्याच्या विधिमंडळ ग्रंथालयाचे चार्ल्स मॅककार्थी यांचा मोठा हात होता. व्यवसायशिक्षणाला पैसा देणारा संघराज्याचा स्मिथ-ह्यूज कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, १९१७ मध्ये आला. सुरुवातीला या शाळा गावोगावच्या होत्या. पुढे १९६५ च्या कायद्याने ठरले की १९७० पर्यंत राज्याचा प्रत्येक भाग कोणत्या ना कोणत्या व्यवसायशिक्षण जिल्ह्यात आलाच पाहिजे. तेव्हा हे मोठे जिल्हे बऱ्याच अंशी शाळा जिल्ह्यांचे तुकडे एकमेकांना जोडून शिवले गेले. त्यामुळे कॉलेजची रेषा अनेक ठिकाणी काउंटीच्या रेषेवरून जात नाही. एखाद्या गावातील मुले कोणत्या हायस्कुलात जातात त्यावरून ती जाते. आपल्याकडच्या गोधडीला आकार असतो तो हाताशी असलेल्या जुन्या लुगड्यांचा, तसेच हे झाले.

डॉज काउंटीचे उदाहरण घ्या. बीव्हर डॅम या तिच्यातील मोठ्या गावात मोरेन पार्क कॉलेजचा परिसर आहे, काउंटीचा दुसरा भाग मॅडिसन कॉलेजकडे जातो आणि एक लहानसा कोपरा वॉकेशा काउंटी टेक्निकल कॉलेजच्या हद्दीत येतो. एकाच काउंटीतल्या दोन शेजाऱ्यांच्या बिलांवर चौथ्या ओळीत दोन वेगळी कॉलेजे असू शकतात आणि त्या दोघांचा आमदार मात्र एकच असू शकतो. अशा आमदाराने अंदाजपत्रकावर मत देताना नेमक्या कोणत्या कॉलेजचा विचार करावा?

पूर्वी या प्रश्नाला फारसे वजन नव्हते. कॉलेजचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागत असे, कराचा आकडा मंडळ ठरवी आणि विधिमंडळ लांबून वरची मर्यादा घालून देई. २०११ च्या अंदाजपत्रकात राज्याने कॉलेजांचे सर्वसाधारण अनुदान सुमारे ३० टक्क्यांनी कमी केले. मग मार्च २०१४ मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्या काळातील कायद्याने वर्षाला ४० कोटी ६० लाख डॉलर इतका भार मालमत्ता करावरून उचलून राज्याच्या तिजोरीवर टाकला. घरमालकांना दिलासा मिळाला, तो मलाही मिळाला, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्या दिवसापासून कॉलेजच्या पैशाचा मोठा वाटा कोणत्याही कॉलेज मंडळाच्या हातात उरला नाही. तो राज्याची राजधानी मॅडिसन इथल्या विधान भवनात १३२ आमदार आणि एक गव्हर्नर यांच्या मर्जीवर गेला. उरलेला कर किती वाढवता येईल हेही विधिमंडळानेच जिल्ह्यातील नव्या बांधकामाच्या मूल्याशी बांधून टाकले. म्हणजे बिलावर नाव कॉलेजचे असते आणि निर्णयाचा मोठा भाग आमदारांचा असतो. कॉलेजची हद्द आणि आमदाराची हद्द कुठे एकमेकींवर येतात हा प्रश्न त्यामुळेच आता केवळ नकाशांच्या हौशी मंडळींचा राहिलेला नाही.

मंडळाच्या नेमणुकीची रीत पाहिली की तो आणखी टोकदार होतो. मिलवॉकी सोडल्यास नऊ सदस्यांत दोन मालकवर्गाचे, दोन कामगारवर्गाचे, एक शाळा जिल्ह्याचा प्रशासक, एक निवडून आलेला लोकप्रतिनिधी आणि तीन इतर असतात, मुदत तीन वर्षांची असते. त्यांना नेमणारी समिती बहुतेक जिल्ह्यांत काउंटी मंडळांच्या अध्यक्षांची आणि काही ठिकाणी शाळा मंडळांच्या अध्यक्षांची असते. नेमणूक करताना जिल्ह्यातील लोकसंख्येची विभागणी आणि स्त्रिया व अल्पसंख्य यांचे प्रमाण या दोहोंचा सारखा विचार करावा असे कायदा सांगतो. पण विचार करणे वेगळे आणि मोजून देणे वेगळे.

मोजून देण्याची सक्ती का नाही, याची गोष्ट मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत आहे. तिथल्या ज्युनिअर कॉलेज जिल्ह्यात सहा विश्वस्त निवडून येत. कॅन्सस सिटीच्या शाळा जिल्ह्यात शाळकरी वयाची सुमारे ६० टक्के मुले असूनही त्याच्या वाट्याला सहापैकी तीनच विश्वस्त येत. या वाटणीविरुद्धच्या हॅडली यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये निकाल दिला की कॉलेजचे विश्वस्त जर लोक निवडत असतील, तर तिथेही एका माणसाच्या मताचे मोल दुसऱ्याच्या मताइतकेच असले पाहिजे. त्याच निकालात न्यायालयाने असेही नोंदवले की राज्याने अशा पदांवर निवडणुकीऐवजी नेमणूक करायचे ठरवले, तर समान लोकसंख्येचा हा नियम लागू होत नाही. विस्कॉन्सिनची मंडळे नेमलेली आहेत, म्हणून ती या नियमाच्या बाहेर राहिली. शेजारच्या इलिनॉयमध्ये शिकागो सोडल्यास कम्युनिटी कॉलेजांचे विश्वस्त लोक निवडतात, हे इथल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

यावर माझे काही मित्र सांगतात तो उपाय सरळ आहे: कॉलेजांच्या रेषा पुसा आणि त्या सिनेटच्या मतदारसंघांवर बसवा, दोन-दोन मतदारसंघांचे एक कॉलेज करा, हिशेब सुटसुटीत होईल. मला हा उपाय मान्य नाही आणि त्याचे कारण २०२४ ने दाखवून दिले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाचे नकाशे रद्द केले. राज्यघटना सांगते की मतदारसंघ सलग असला पाहिजे, आणि असेंब्लीच्या निदान ५० व सिनेटच्या निदान २० मतदारसंघांत मुख्य भूभागापासून तुटलेले तुकडे होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी नव्या नकाशांच्या कायद्यावर सही केली आणि एका सहीने राज्यभरातल्या लाखो घरांचे मतदारसंघ बदलले. माझ्याही घराचा बदलला. कॉलेज मात्र तेच राहिले, त्याच्या कार्यशाळा तिथेच राहिल्या, वेल्डिंगचे वर्ग त्याच इमारतीत भरत राहिले. मॅडिसन कॉलेजच्या इमारतींसाठी नोव्हेंबर २०१० मध्ये मतदारांनी सुमारे १३ कोटी ३८ लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. असे कर्ज फेडण्याची जबाबदारी एका ठरलेल्या हद्दीतील मालमत्तांवर असते. दर दहा वर्षांनी, आणि कधी न्यायालयाच्या आदेशाने मधेच, ती हद्द हलू लागली तर उरलेले हप्ते कोणाच्या घरपट्टीत धरायचे? रेषा जुळवण्याच्या हट्टापायी आपण कॉलेजला पक्षांच्या नकाशेबाजीत ओढू, याची मला फार भीती वाटते.

मतदारसंघ आणि कॉलेज जिल्हे यांच्या ज्या याद्या केल्या जातात, त्यांवर माझा आक्षेप वेगळा आहे. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवायचे आणि जिथे थोडेही क्षेत्र सामाईक असेल तिथे खूण करायची, अशी ही यादी असते. पण सामाईक काय मोजायचे? जमीन मोजली तर उत्तरेकडचे जंगल मोठे दिसते. माणसे मोजली तर ते जंगल नाहीसे होते. कर ज्यावर बसतो ते मालमत्तेचे मूल्य मोजले तर तिसरेच उत्तर येते. व्हिलास आणि ओनायडा काउंट्यांत तळ्याकाठी सुटीच्या घरांच्या रांगाच्या रांगा आहेत आणि त्यांतले अनेक मालक मिलवॉकीत किंवा शिकागोच्या उपनगरांत राहतात. निकोलेट कॉलेजचा कर ते भरतात आणि मत दुसरीकडे देतात. शिकागोकर मालकाला तर विस्कॉन्सिनचा एकही आमदार नाही. त्या तळ्याकाठचा आमदार निकोलेटच्या यादीत हक्काने आहे, पण ज्यांच्या पैशावर कॉलेजचा मोठा भार आहे त्यांतल्या कितीजणांचा तो प्रतिनिधी आहे, हे ती यादी सांगू शकत नाही.

इथे आपल्याकडची आठवण येते ती वेगळ्या कारणाने. मी शिकलो ते शासकीय तंत्रनिकेतन राज्याच्या पैशावर चालत होते. गावाच्या घरपट्टीत त्याची ओळ नव्हती, त्यामुळे त्याची हद्द कुठे संपते असा प्रश्न कोणी विचारत नसे. आमदाराने आयटीआय आणले किंवा आणले नाही, एवढाच हिशेब असे. इथे हद्द आहे, कर आहे, बिलावर आकडा आहे, आणि तरीही जाब विचारायला दार सापडत नाही. दोन्हीकडे राहिलेल्या माणसाला याची गंमतही वाटते आणि चीडही येते.

मला जे हवे आहे ते फार थोडे आहे. यादी करायचीच असेल तर प्रत्येक आमदाराच्या नावापुढे दोन आकडे छापावेत: कॉलेज जिल्ह्यातील किती टक्के माणसे त्याच्या मतदारसंघात आहेत, आणि त्याच्या मतदारसंघातील किती टक्के माणसे त्या कॉलेजच्या हद्दीत आहेत. दोन्ही आकडे वेगळे येतात. निकोलेटचे बहुसंख्य लोक एखाद्या आमदाराच्या वाट्याला येऊ शकतात. मिलवॉकीचा आमदार पूर्णपणे मिलवॉकी कॉलेजचा असूनही कॉलेजच्या सोळाव्या हिश्शाहून कमी लोकांचा प्रतिनिधी असतो. पहिल्याला कॉलेज विसरणे परवडणार नाही. दुसऱ्याला ते सहज परवडते, कारण कॉलेजचे जे होईल त्याचा दोष त्याच्या एकट्याच्या माथी येणार नाही. हे दोन आकडे जनगणनेच्या तुकड्यांवरून काढता येतात आणि त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. नेमणूक समितीने नवे सदस्य घेताना ते समोर ठेवावेत, एवढीच माझी दुसरी मागणी आहे.

नव्या सदस्यांची मुदत १ जुलैला सुरू होते, त्यामुळे नेमणुकीच्या सभा त्याआधी होतात आणि त्या लोकांना खुल्या असतात. यंदा आमच्या जिल्ह्याच्या सभेला मी हे दोन आकडे आमच्या भागापुरते काढून घेऊन जाणार आहे. ज्यांच्या बिलावर चौथ्या ओळीत माझ्याच कॉलेजचे नाव आहे त्यांनी मला जरूर कळवावे; गाडीत आणखी तिघांना जागा आहे.